घर मिळालं, गल्ली सुटली : नववीतल्या एका मुलीच्या एकटेपणाचा प्रकरण अभ्यास

हजेरीपटापासून सुरुवात करते, कारण मला ही गोष्ट पहिल्यांदा तिथेच दिसली, आणि उशिरा दिसली. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी सलग चार दिवस आली नाही. चिठ्ठीत कारण लिहिलं होतं, पोटदुखी. मी पानं मागं उलटत गेले. डिसेंबरात तेच कारण, नोव्हेंबरात तेच, दिवाळीच्या आधीही दोनदा तेच. जूनपासून एकूण १९ दिवस. आठवीत याच मुलीची अख्ख्या वर्षाची गैरहजेरी ३ दिवस होती. मी वर्गशिक्षिका. दर महिन्याला त्या पटाची बेरीज माझ्याच हातून होते. बेरीज मी केली होती, ती वाचली मात्र नव्हती.

घरात तिला धाकटी म्हणतात, इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारलं आहे.

घरची परिस्थिती

धाकटी वाढली ती सोलापूरच्या पूर्व भागात, एका भाड्याच्या खोलीत. वडील यंत्रमाग कामगार, आई विडी कामगार. हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना ती गल्ली डोळ्यांसमोर आणायला मी मदत करायची गरज नाही. दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं चाललेली आणि तोंडही चाललेलं. हजार विड्या वळायच्या म्हणजे दिवस जातो. तो दिवस एकटीनं घरात बसून कुणी काढत नाही, ओट्यावर काढतात. अर्धी गल्ली तेलुगू बोलणारी, अर्धी मराठी, कोपऱ्यावर दोन घरं कानडी. धाकटी शेजारच्या अव्वाकडं, म्हणजे आजीकडं, जेवायची आणि अव्वाची नात धाकटीकडं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि पाणी आलं की घागरी घेऊन गल्लीतली सगळी पोरं एका जागी. धाकटी धरून अशा चौघी मैत्रिणी होत्या, पहिलीपासूनच्या. त्यांतल्या दोघी दुसऱ्या शाळेत, एक माझ्याच शाळेत पण दुसऱ्या तुकडीत.

मे २०२४ मध्ये थोरल्या बहिणीचं लग्न झालं, ती सासरी गेली. जूनमध्ये हे कुटुंब अक्कलकोट रस्त्याला कुंभारीजवळच्या रे नगरात राहायला गेलं. असंघटित कामगारांसाठीची ही ३० हजार घरांची वसाहत. त्यांतल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर पक्कं घर होणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मी वेगळं सांगायला नको. याच भागात २००६ साली विडी कामगार बायकांना १० हजार घरं मिळाली होती, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. त्यामागं कितीतरी वर्षांचे मोर्चे आहेत. धाकटीची आई मला म्हणाली, "बाई, चावी हातात घेतली तवा माझं हात थरथरूलालं होतं."

म्हणून आधीच सांगते, या प्रकरणात घराचा दोष नाही. घर हवंच होतं. पण माणसं घराच्या यादीत असतात, गल्ली कुठल्याच यादीत नसते. चौदा वर्षांच्या मुलीचं घर कमी आणि गल्ली जास्त असते, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.

शाळा तीच ठेवली होती, दहावी जवळ आली म्हणून. शाळा सुटायची साडेपाचला, बस पावणेसहाची. म्हणजे पूर्वी जो सगळ्यांत चांगला तास होता, शाळा सुटल्यानंतर रमतगमत घरी जाण्याचा, तो गेला. घरी पोचायला साडेसहा. वडिलांना रात्रपाळी, ते दिवसा झोपलेले, म्हणून घरात आवाज करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, कुणाला घरी आणायचं नाही. आई दिवसाआड विड्या द्यायला शहरात जाणारी, उरलेल्या दिवशी आत एकटीच वळत बसणारी. नव्या इमारतीत अजून ओटा तयार झाला नव्हता, म्हणजे जिना होता, पण तिथं बसायची कुणाला सवय नव्हती.

काय दिसत होतं आणि आम्ही काय समजलो

जुलैपासून ती वर्गात खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला लागली. डबा अर्धा परत जायचा. हात वर करणं बंद. सहामाहीत गणितात नापास, आणि आधी ज्या मराठीत ती पहिल्या पाचांत असायची त्यात जेमतेम. तक्रार मात्र एकाही शिक्षकाची नव्हती. शिक्षकांच्या खोलीत तिचा विषय निघाला तर "गुणी पोरगी आहे, आवाज नसतो तिचा" एवढंच. ५८ मुलांच्या वर्गात आवाज नसलेलं मूल म्हणजे शिक्षकाला विसावा असतो. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

इथं एक फरक स्पष्ट करते, कारण पालकांशी बोलताना सगळा गोंधळ इथेच होतो. एकटं असणं आणि एकाकी वाटणं या दोन गोष्टी आहेत. पहिली मोजता येते: घरात किती माणसं, दिवसात किती जणांशी बोलणं. दुसरी बाहेरून मोजता येत नाही. हवी तेवढी आणि हवी तशी सोबत मिळत नाही, असं आतून जाणवणं म्हणजे एकाकीपणा. धाकटी ५८ मुलांत होती, भरलेल्या बसमध्ये होती, एकटी अशी ती कागदावर कुठेच नव्हती. उलट एखादं मूल तासन्‌तास एकटं चित्र काढत बसतं आणि मजेत असतं. त्याला आपण एकांत म्हणतो, आणि त्याची काळजी करायची नसते.

शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणाला भूक-तहानेच्या रांगेत बसवलं. भूक लागली की शरीर अन्नाकडं ढकलतं, एकाकी वाटलं की मन माणसांकडं ढकलतं. २०२० साली अमेरिकेत एका प्रयोगात प्रौढ माणसांना दहा तास कुणाच्याही संपर्काविना ठेवलं आणि मग माणसं एकत्र असल्याची चित्रं दाखवली, तर उपाशी माणसाचा मेंदू अन्नाच्या चित्राला जसा प्रतिसाद देतो तसाच तो दिसला. पण ही भूक फार दिवस भागली नाही की उलटं होतं. एकाकी मन सावध होतं, समोरच्याच्या चेहऱ्यावर नकार शोधायला लागतं, आणि शोधलं की सापडतोच. किशोरवयात तर मित्रांनी वगळलं जाणं मोठ्यांपेक्षा जास्त लागतं. त्या वयात आपण कोण हे आपल्याला सोबतीच सांगत असतात.

धाकटीनं मला हे एका वाक्यात सांगितलं, फेब्रुवारीत. "मागच्या बाकावरच्या हसूलाल्यात ना बाई, ते माझ्यावरच असतंय." मी त्या मुलींना नंतर वेगळं विचारलं. त्यांना तिचं नावसुद्धा चटकन आठवलं नाही.

माझी चूक

नोव्हेंबरच्या पालकसभेत आई म्हणाली होती, "सारखं मोबाईल पाहिजे तिला." मी लगेच सल्ला दिला: देऊच नका, परीक्षा होईपर्यंत कपाटात ठेवा. असा सल्ला देताना आपण काहीतरी केलं असं वाटतं. मोबाईलवर ती काय करते, हे मी विचारलं नाही.

ती काय करायची? गल्लीतल्या त्या चौघींचा एक ग्रुप होता. रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, आईच्या फोनवरून. अव्वानं काय केलं, कुत्रीला किती पिल्लं झाली, नळ आला का. तेवढाच धागा उरला होता आणि तो मी कापायला सांगितला.

पुढं जे झालं ते मला तिच्याकडूनच कळलं. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, आपला गड्डा. सोलापुरात वाढलेल्या मुलाला गड्डा म्हणजे काय असतो! सात नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, पाळणे, बटाटेवडे नाहीत तरी चालेल पण पाळणा पाहिजे. चौघी दरवर्षी एकत्र जायच्या. या वर्षी ग्रुपवर आठवडाभर ठरवाठरव झाली. तिला तीनदा विचारलं गेलं, "येणारेस ना?" फोन कपाटात. उत्तर नाही. तिघींना वाटलं, नव्या घरात गेली, आता आपली आठवण कशाला. त्या गेल्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आई बाहेर गेली असताना धाकटीनं कपाट उघडलं. आधी दिसले ते पाळण्यातले फोटो. मग वर सरकवत ते तीन निरोप. मी तिला म्हटलं, "अगं, त्यांनी तर बोलावलं होतं तुला." ती म्हणाली, "विचारायचं म्हणून विचारलं असंल की बाई." पुरावा समोर असूनही तिला त्यात नकारच दिसला. त्यानंतरचे ते चार दिवस पोटदुखीचे. पोट खरंच दुखत होतं, हे मुद्दाम सांगते. ते नाटक नव्हतं. रात्री एक-दोनपर्यंत झोप नाही, सकाळी अन्न जात नाही, मग पोट दुखणारच.

विचारपूस

मी तिला ऑफिसात बोलावलं नाही. तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे बांधायला मदत कर म्हणाले. हात कामात असले की मुलं बोलतात, डोळ्यांत डोळे घालून विचारलं की बोलत नाहीत. एकाकीपणा मोजायची तीन प्रश्नांची एक छोटी पद्धत आहे, जगभर वापरली जाते. ती निदान करत नाही, फक्त दिशा दाखवते. मी ते प्रश्न आमच्या भाषेत विचारले. सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलंय असं? आपण सगळ्यांपासून तुटलोय असं? प्रत्येकाला उत्तरं तीन: क्वचित, कधी कधी, नेहमी. गुण ३ ते ९. तिचे ९.

मग मी चौथा प्रश्न विचारला, तो त्या पद्धतीत नाही: कधीपासून? ती म्हणाली, "ताईच्या लग्नापासून." म्हणजे आठ महिने. हा प्रश्न मी का विचारला ते सांगते. कोविडच्या काळात, २०२० साली, मुलांच्या आणि किशोरांच्या एकाकीपणावरच्या ६३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की एकाकीपणाचा नैराश्याशी संबंध पुढं नऊ वर्षांपर्यंतही राहू शकतो, आणि तो किती तीव्र होता यापेक्षा किती दिवस टिकला याचा संबंध जास्त घट्ट आहे. आठ महिने हा आकडा म्हणून मला ९ या आकड्यापेक्षा जास्त घाबरवून गेला.

पाचवा प्रश्न विचारायला शिक्षक कचरतात. जीव द्यावासा वाटतो का, असं स्पष्ट विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं होतं. तिनं बराच वेळ सुतळीची गाठ सोडवली आणि म्हणाली, "मरावं वाटत नाही बाई. नसल्यासारखं वाटतंय."

त्याच आठवड्यात आई, धाकटी आणि मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. सौम्य नैराश्य, गोळ्यांची सध्या गरज नाही, दर पंधरा दिवसांनी येऊन बोलायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. ही सेवा मोफत आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. आईला वाटत होतं, "वेड्यांच्या डॉक्टरकडं" नेलं म्हणून पुढं लग्नाला अडचण येईल. परत येताना ती रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, "मला बी तसंच होतंय बाई. कुणाशी बोलावं तिथं?" या बाईकडं त्या क्षणापर्यंत मी फक्त पालक म्हणून बघत होते.

काय केलं, आणि काय फसलं

आधी फसलेलं. मी वर्गातल्या तीन हुशार मुलींना बोलावून सांगितलं, धाकटीशी मैत्री करा. त्या मधल्या सुट्टीत डबे घेऊन तिच्या बाकावर जाऊन बसल्या, अगदी वेळेवर, रोज. चौथ्या दिवशी धाकटीनं डबा आणणंच बंद केलं. नेमून दिलेली मैत्री मुलांना लगेच ओळखू येते, तिच्यात दया असते. असं मी पुन्हा कुणाच्या बाबतीत करणार नाही.

फोन परत दिला. साडेसात ते साडेआठ, पूर्वीसारखा, रात्री कपाटात. मी आईची माफी मागितली आणि मुलीचीही.

शनिवारी आमची शाळा सकाळची, अकराला सुटते. आईनं विड्या द्यायचा एक दिवस शनिवारला जोडून घेतला. शाळा सुटली की धाकटी थेट जुन्या गल्लीत अव्वाकडं, जेवण तिथंच, आणि तीनला आई येऊन तिला घेऊन परत. एवढी साधी गोष्ट. तिच्यासाठी ना पैसे लागले ना परवानगी, फक्त दोन वेळापत्रकं एकमेकांशेजारी ठेवून बघावी लागली. पहिल्या शनिवारी त्या चौघींचं भांडण झालं, फोनवरून, निरोपांवरून, रडारड झाली. अव्वानं चौघींना एका ताटात जेवायला घातलं. सगळं पूर्ववत झालं असं नाही. त्यांतल्या एकीला आता दुसरी जवळची मैत्रीण आहे, आणि धाकटीला ते अजूनही लागतं. ते आमच्या हातात नव्हतं.

पण शनिवार एकच. बाकीचे सहा दिवस रे नगरात काढायचे होते. बसच्या मुलांची यादी काढली तर धाकटीच्या पलीकडच्या तिसऱ्याच इमारतीत आमच्याच शाळेतली आठवीतली एक मुलगी राहते, असं निघालं. आठ महिने दोघी एकाच बसनं येत-जात होत्या. एक शब्द बोललेल्या नव्हत्या. दोघींना वेगवेगळं विचारलं, दोघींचं उत्तर एकच: "ती लई भाव खाती."

या वेळी मैत्री करा असं मी म्हटलं नाही. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं एका मोठ्या कापडी पिशवीत भरली, चाळीसेक. सांगितलं, रे नगरातल्या लहान मुलांना वाचायला न्यायची, दर आठवड्याला बदलून आणायची, वहीत नोंद ठेवायची. पिशवी एकटीला उचलत नव्हती, आणि तशी ती मी मुद्दामच भरली होती. दोघींना एकेक बंद धरावा लागायचा. बंद धरून चालायचं तर पावलं जुळवावी लागतात, थांबायचं तर सांगावं लागतं. पहिला आठवडा फक्त "थांब" आणि "चल" एवढंच बोलणं झालं, असं धाकटी सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी मी घरी गेले. दुपारी वडील झोपलेले, आई कुजबुजत बोलणारी, धाकटी पाय न वाजवता चहा आणणारी. मी पण नकळत कुजबुजायला लागले. तेवढ्यात वडील उठून बसले आणि विचारलं, कुणी आजारी आहे का, एवढं हळू का बोलूलालाव सगळे? आईनं सांगितलं, तुमची झोप मोडू नये म्हणून. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. म्हणाले, "बाई, मी मागाच्या खडखडाटात उभ्या उभ्या डुलकी काढणारा माणूस. पोरगी बोलली म्हणून माझी झोप मोडतीय व्हय? उलटं ह्या शांततेनं झोप येत नाही मला." नऊ महिने ते घर एका नियमानं गप्प होतं आणि ज्याच्यासाठी नियम केला त्यानं तो कधी मागितलाच नव्हता. त्या दिवसापासून टीव्ही लागला, आणि आठवीतली वर यायला लागली.

आईचं सूप जिन्याच्या वळणावर आलं ते उन्हाळ्यात. शेजारची अजून एक विडी वळणारी बाई आधी आली, मग तिसरी. मे महिन्यात सोलापूरचं ऊन ४३-४४ अंशांपर्यंत जातं, दिवसा सगळी दारं बंद. पण संध्याकाळी सहानंतर जिन्यात बायका वळत बसायच्या आणि वरच्या पायऱ्यांवर पोरं पुस्तकं घेऊन. सुट्टीत पुस्तकं शाळेत जमा करायची पद्धत आहे. या पिशवीपुरती मी ती मोडली.

सध्या

जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सामाजिक संबंधांवरचा अहवाल आला. जगात सहातल्या एका माणसाला एकाकीपणा जाणवतो, आणि सगळ्यांत जास्त प्रमाण १३ ते १७ या वयात, सुमारे २१ टक्के. एकाकी किशोरांना कमी गुण मिळण्याची शक्यता २२ टक्क्यांनी जास्त, असंही त्यात आहे. मी आमच्या पटावर हिशेब केला: ५८ मुलांत साधारण बारा. माझ्या वर्गात ते बारा जण नेमके कोण, हे मला त्या वर्षी माहीत नव्हतं. आता दर महिन्याला पटाची बेरीज झाली की मी कारणांचा रकाना वेगळा वाचते. पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर, तीच तीच कारणं एकाच नावापुढं आली की त्या मुलाला पेपरांचे गठ्ठे बांधायला बोलावते.

धाकटी दहावीत आहे. जून ते ऑगस्ट गैरहजेरी २ दिवस, एकदा ताप होता आणि एकदा ताई माहेरी आली होती. गणित अजून कच्चं आहे. डॉक्टरांकडं जाणं आता महिन्यातून एकदा. ऑगस्टच्या अखेरीस मी ते तीन प्रश्न पुन्हा विचारले. वगळल्यासारखं? कधी कधी, त्या एका मैत्रिणीमुळं. तुटल्यासारखं? क्वचित. सोबतीला कुणी नाही असं? ती थोडं थांबली. "कधी कधी वाटतंय की बाई. शनिवारी नाही वाटत." बेरीज ५.

मी ती लिहून घेत होते. खाली बस लागली होती आणि पिशवीचा दुसरा बंद धरायला ती, आता नववीतली, जिन्यातून हाका मारत होती. धाकटी मला न विचारताच पळाली.